परस्परसंवादी चित्रपट (श्रमिक इतिहास)

श्रमिक इतिहासावरील परस्परसंवादी चित्रपट हा संग्रहालयासाठी तयार केला जाणारा चित्रपटप्रकार होय. यात पुढे काय पाहावयाचे, हे प्रेक्षक बटण किंवा स्पर्शपटलाच्या साहाय्याने ठरवतो. परस्परसंवादी चित्रपटाचा आद्य नमुना म्हणून रादूझ चिंचेरा यांचा 'किनोऑटोमॅट' ओळखला जातो. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात तो दाखवण्यात आला. प्रेक्षक बटण दाबून मत देत आणि बहुमतानुसार कथा पुढे सरके.

निवडीची मर्यादा

कल्पित कथेला अशी मोकळीक असते, इतिहासाला नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही आणि असंख्य कामगार देशोधडीला लागले. प्रेक्षकांच्या मतांवर हा संप यशस्वी झालेला दाखवणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास ठरेल. म्हणून अशा चित्रपटात प्रेक्षकाला निवड द्यायची ती घटनेच्या शेवटाची नव्हे, तर साक्षीदाराची. तोच संप साचेवाला, जॉबर, वाइंडिंग खात्यातील स्त्री आणि खाणावळ चालवणारी बाई यांच्या तोंडून वेगवेगळा उलगडतो.

साधने

नीरा आडारकर व मीना मेनन यांच्या २००४ मधील 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' या ग्रंथात गिरणगावाचा मौखिक इतिहास संकलित आहे. नोएडा येथील व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून भारतीय श्रमिकांचा अभिलेखसंग्रह उभा राहिला. अंजली मोंटेरो व के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) हा माहितीपट कवी नारायण सुर्वे व चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या आधारे गिरणगावाचे दर्शन घडवतो.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

गंगाखेड, सोनपेठ या तालुक्यांतून दर हंगामात ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. मुकादमाकडून उचल घेताना पती-पत्नीची जोडी मिळून 'एक कोयता' मोजली जाते. व्यवहार बहुधा पुरुषाच्या नावे होतो. त्यामुळे ऊस तोडणाऱ्या, मोळ्या बांधणाऱ्या व वाहणाऱ्या स्त्रीचे श्रम हिशेबाच्या वहीत वेगळे दिसत नाहीत. केवळ कागदपत्रांवरून पटकथा लिहिल्यास ती चित्रपटातूनही गळेल. तिची साक्ष निवडीच्या यादीत असली, तरी प्रेक्षकाने मुकादमाचे बटण दाबल्यास ती ऐकूच येणार नाही. यावरचा उपाय म्हणजे काही साक्षी निवडीबाहेर ठेवून प्रत्येक मार्गावर अनिवार्य करणे. उदाहरणार्थ, उचलीचा प्रसंग कोणत्याही बाजूने पाहिला, तरी कोप्यावरील स्त्रीचे निवेदन त्यानंतर यावे, अशी जोडणी करता येते.