चर पाडलेल्या डिस्कसाठी ब्रेक पॅड कसे निवडावेत?

आपल्या उपनगरांतील अनेक घरांत आता चारचाकी आली आहे. कोणी ती कार्यालयात जाण्यायेण्यासाठी वापरतो, कोणी टुरिस्ट टॅक्सी चालवून संसार चालवतो, तर काही मुले आय.टी.आय. करून गॅरेजमध्ये काम शिकतात. अलीकडे गाडीला चर पाडलेल्या डिस्क बसवण्याची हौस तरुणांत दिसते. अशा डिस्क दिसायला रुबाबदार असतात. त्यांच्या जोडीला 'रेसिंगचे' पॅडही घ्या, असा आग्रह होतो आणि कर्जाचे हप्ते फेडणारा माणूस आणखी काही हजार रुपये मोजतो. एवढे करूनही गाडी लवकर थांबेलच असे नाही. उलट सकाळच्या पहिल्या सिग्नलला ती पूर्वीपेक्षा उशिरा थांबण्याचा संभव असतो. असे का होते आणि आपण काय निवडावे, याचा विचार या लेखात करू.

ब्रेकचे खरे काम

ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. शाळेत शिकलेले गतिज ऊर्जेचे सूत्र येथे उपयोगी पडते. १००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली, की सुमारे १३९ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे ३३ अंशांनी तापेल. वेग निम्मा केला तर उष्णता एक चतुर्थांश होते आणि वेग दुप्पट केला तर ती चौपट होते.

आता घाटाचा हिशोब पाहा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. हा सारा उतार केवळ ब्रेकवर उतरला, तर ताशी ६० वरून ३५ वेळा थांबण्याइतकी उष्णता तयार होते. म्हणूनच घाटात खालच्या गिअरमध्ये उतरावे, असे जुने चालक सांगतात. इंजिन तो भार उचलते आणि ब्रेक थंड राहतो.

मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, ड्रम ब्रेक होते. ड्रमच्या आत उष्णता कोंडते आणि पाणी शिरले तर लवकर निघत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या. डिस्क उघडी असल्यामुळे तिला वारा लागतो. गाडी थांबताना वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात.

चर कशासाठी असतात?

पॅड म्हणजे अनेक पदार्थांची पूड राळेने बांधून लोखंडी पट्टीवर चिकटवलेली वडी. जुन्या काळचे पॅड फार तापले की राळेतून वायू सुटे. तो पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये साचला, की पकड कमी होई. त्या वायूला वाट मिळावी म्हणून डिस्कवर चर पाडू लागले. चरांतून धूळ आणि पावसाचे पाणीही बाहेर पडते, आणि त्यांच्या कडा पॅडचा गुळगुळीत झालेला थर खरवडून काढतात.

परंतु या गुणांची किंमतही मोजावी लागते. खरवडल्यामुळे पॅड लवकर झिजतो आणि ब्रेक दाबताना घरघर ऐकू येते. आजच्या चांगल्या पॅडमधून वायू फारच कमी सुटतो, त्यामुळे चरांचा मूळ उपयोग रोजच्या गाडीला क्वचितच होतो. एस.व्ही. रोडवर किंवा अंधेरी-कुर्ला रोडवर डिस्क तितकी तापतच नाही.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एकदाच जोरात ब्रेक मारला, तर गाडी किती अंतरात थांबेल हे अखेरीस टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरते. चांगल्या स्थितीतील साधा ब्रेकही चाक जखडण्याइतका जोर लावू शकतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ए.बी.एस. बंधनकारक झाले, ते चाक जखडू नये म्हणूनच. तेव्हा टायर गुळगुळीत ठेवून डिस्कवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पॅडचे प्रकार

पहिला प्रकार सेंद्रिय, म्हणजे ऑरगॅनिक पॅड. हा मऊ असतो, आवाज करत नाही, थंड असतानाही धरतो आणि डिस्क कमी खातो. मात्र चरांच्या डिस्कवर तो भराभर झिजतो आणि लांब घाटात तापून त्याची पकड ढिली होते.

दुसरा सेमी-मेटॅलिक. यात पोलादाचे तंतू व धातूची पूड असते. तो उष्णता चांगली सोसतो, पण डिस्क अधिक झिजवतो, काळी धूळ टाकतो आणि चरांवर आवाजही जास्त करतो.

तिसरा सिरॅमिक. रस्त्यासाठी केलेला सिरॅमिक पॅड थंडपणी धरतो, शांत असतो व त्याची धूळ फिकट असते. त्याची किंमत मात्र अधिक असते.

चौथा शर्यतीचा पॅड. तो चांगला तापल्यावरच पूर्ण पकड देतो. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडते, तेव्हा तो थंड आणि ओला असतो, आणि नेमकी त्याच वेळी समोरून शाळेची मुले रस्ता ओलांडत असतात. रोजच्या गाडीला हा पॅड कधीही लावू नये.

यावरून निवडीचा नियम असा निघतो की, आपल्या गाडीचा पॅड थंड आणि ओला असताना धरणारा हवा. उष्णता सोसण्याचा गुण त्यानंतर पाहावा. गाडी केवळ शहरात फिरत असेल, तर कंपनीने ठरवलेल्या दर्जाचा किंवा रस्त्यासाठीचा सिरॅमिक पॅड घ्यावा. प्रवासी आणि सामान भरून कसारा किंवा खंडाळा घाटातून नेहमी जाणाऱ्या टुरिस्ट गाडीला रस्त्यासाठीचा चांगला सेमी-मेटॅलिक योग्य ठरतो.

अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला 'एफएफ' पुरेसा असतो. दोन अक्षरे वेगळी असतील, तर तापल्यावर पकड बदलते असे समजावे. ही अक्षरे केवळ पकड दाखवतात, पॅडचा टिकाऊपणा नव्हे. पॅड पक्क्या बिलावरच घ्यावा. नकली माल खोक्यावरून ओळखू येत नाही.

बसवताना घ्यायची काळजी

एकाच चाकाचे पॅड कधी बदलू नयेत. डावे-उजवे दोन्ही बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. पॅडचा थर ३ मिलिमीटरवर आला की तो बदलावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. डिस्क त्याहून पातळ झाली असेल, तर नवे पॅड लावून उपयोग नाही. चरांच्या डिस्कला डावी-उजवी खूण असल्यास ती पाहूनच बसवावी.

नवे पॅड डिस्कवर 'बसू' द्यावे लागतात. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत, दहा वेळा, मध्ये थोडे अंतर सोडून, बेताने वेग कमी करावा. पूर्ण थांबून पॅडल दाबून धरू नये. पाणी तुंबलेल्या सबवेतून गाडी बाहेर काढल्यावर, मागे वाहन नाही असे पाहून, ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून डिस्क कोरडी करावी.

ब्रेक ऑइलकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. ते हवेतील ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत येते. घाटात ते उकळले की पॅडल जमिनीला टेकते. मुंबईच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलावे.

धुळीपासून सावधान

पॅड झिजतो म्हणजे त्याची धूळ होते, आणि चरांच्या डिस्कवर ती अधिक होते. या धुळीचा इतिहास आपल्या घाटकोपरशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ब्रेकचे घर्षणसाहित्य बनवण्यास आरंभ केला. पुढे 'फेरोडो' हे नाव जगभर पसरले. घाटकोपरच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर 'हिंदुस्तान फेरोडो'चा कारखाना उभा राहिला. कंपनीचे नाव पुढे 'हिंदुस्तान कंपोझिट्स' झाले. त्या काळी ब्रेक लायनिंगमध्ये जगभर ॲसबेस्टॉस वापरत. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात अडकतात आणि आजार वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, ॲसबेस्टॉस उद्योगातील कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत जपावी.

कारखान्यातील कामगाराची निदान नोंद राहते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधील मुलाची कोण ठेवणार? म्हणून 'ॲसबेस्टॉस-विरहित' असे लिहिलेलाच पॅड मागावा. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. काम शिकणाऱ्या मुलांनी मास्क लावावा आणि मालकानेही तो पुरवावा. गाडी देणाऱ्या ग्राहकानेही याबाबत आग्रह धरला, तर ही सवय लवकर लागेल.

ज्यांच्या गाडीला चरांच्या डिस्क आधीच आहेत, त्यांनी वरीलप्रमाणे पॅड निवडावेत. ज्यांनी अजून घेतलेल्या नाहीत आणि ज्यांची मूळ डिस्क ठीक आहे, त्यांनी तोच पैसा चांगले टायर, ताजे ब्रेक ऑइल आणि योग्य दर्जाचे पॅड यांवर खर्च करावा. गाडीत बसलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तो खर्च अधिक उपयोगी आहे.