गेलेल्या माणसाचं आयुष्य आठवताना

अशा विषयाला एवढी मंडळी येतील असं वाटलं नव्हतं. आलात, त्यावरूनच कळतं की इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरातलं कुणीतरी अलीकडे गेलेलं आहे. म्हणून आधी आमची ओळख करून देतो. आम्ही चौघं मिळून गेली काही वर्षं एक लहानसं काम करतो. एखाद्या घरात माणूस गेला आणि घरच्यांनी बोलावलं, तर जातो. त्याच्या आठवणी विचारतो, उतरवून घेतो आणि वही करून घरच्यांना देतो. छापत नाही, पैसे घेत नाही. आम्ही ना मानसोपचारतज्ज्ञ, ना पुरोहित. जे पाहिलं तेवढंच सांगणार आहोत.

पहिली गोष्ट जी आमच्या लक्षात आली ती समाचाराला येणाऱ्यांची. माणूस येतो, चप्पल काढतो, फोटोला नमस्कार करतो, जरा वेळ गप्प बसतो आणि मग विचारतो, "अचानक कसं काय झालं हो?" मग घरातलं कुणीतरी सांगायला लागतं. सोमवारी रात्री छातीत जळजळ झाली, पित्त असेल म्हणून सोडा घेतला, पहाटे घाम फुटला, रिक्षा मिळेना, शेजारच्यांची गाडी काढली, डॉक्टर म्हणाले अर्धा तास आधी आणायला हवं होतं. हे सांगून होतं न होतं तोच दुसरे येतात. पुन्हा सोमवार रात्र, पुन्हा सोडा, पुन्हा रिक्षा. तेराव्यापर्यंत ही हकीकत शंभर-दोनशे वेळा तरी सांगून होते. सांगता सांगता ती इतकी घोटली जाते की तिची वाक्यंसुद्धा ठरून जातात.

विचारणाऱ्याची यात चूक नाही. दुसरं काय विचारणार? आणि सांगणाऱ्यालाही ते सांगायचंच असतं, कारण घडलेलं खरं आहे हे त्याला स्वतःलाच पटवायचं असतं. पण हिशेब मांडून बघा. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यातले शेवटचे दोन दिवस दोनशे वेळा सांगितले गेले आणि बाकीचं आयुष्य एकदाही नाही. वर्षभराने त्या घरी जाऊन "तात्या कसे होते?" असं विचारलं की उत्तरात पहिल्यांदा सोमवारची रात्रच येते. मरणाची गोष्ट आयुष्याच्या गोष्टीला खाऊन टाकते. आजचं आमचं सगळं बोलणं याच्याभोवती आहे.

हे आजचंच आहे असंही नाही. आपल्याकडे गावोगावी देवळाबाहेर वीरगळ दिसतात. शेंदूर फासलेले असतात, कधी त्यावर कपडे धुतात. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही, नाव नाही. तो कसा मेला एवढं कळतं. चंद्र-सूर्य अजून आहेत. पण त्याला किती मुलं होती, तो कुणाशी भांडायचा, पोहायला कुणाकडून शिकला, यातलं काही उरलं नाही.

उलट दुसरीकडे नाव आहे आणि बाकी काही नाही. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांचा नावागोत्रासकट उच्चार होतो. वसु, रुद्र, आदित्य अशी त्यांची तीन रूपं मानतात. आता नवीन माणूस गेला की काय होतं? सपिंडीकरणात, आता ते साधारण बाराव्याला करतात, त्याचा पिंड पितरांच्या पिंडांत मिसळतात. तो तीनांत आला, म्हणजे आधीच्या तीनांतला सगळ्यात वरचा एक जण बाहेर गेला. त्याच्या नावाने यापुढे पिंड नाही. पिंड देताना हाताला जे चिकटून राहतं तेवढ्याचाच तो वाटेकरी, म्हणून अशांना लेपभागी म्हटलं आहे. आम्हाला ही व्यवस्था फार प्रामाणिक वाटते. पणजोबाच्या वर कुणाला कुणी आठवत नाही, हे शास्त्राने ओळखलं होतं. नावं मात्र आणखी मागे जातात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावं सापडतात. सांगली-कोल्हापूर, सोलापूरकडे हेळवी येतात आणि तुमची वंशावळ तुम्हालाच वाचून दाखवतात. पण तीही नावंच.

तर दगडाने मरण ठेवलं, वहीने नाव ठेवलं. आयुष्य कुणी ठेवलं? आम्ही शोधलं तेव्हा पहिल्यांदा हाताला लागल्या त्या घरातल्या बायका. महादेव गोविंद रानडे 1901 साली गेले. त्यांच्यावर भाषणं झाली, लेख आले, न्यायमूर्ती म्हणून, अर्थशास्त्रज्ञ म्हणून, सुधारक म्हणून. 1910 साली रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं. लग्नात ती 11 वर्षांची आणि तो 31 वर्षांचा. हाताशी धरून शिकवायला बसतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला त्यावरून टोचून बोलतात. न्यायमूर्ती सगळीकडे भेटतात, घरातला माणूस त्या पुस्तकात भेटतो. शीर्षकातला 'आमच्या' हा शब्दही बघा. त्याचं आयुष्य तिच्या आयुष्यातून वेगळं काढून सांगताच येत नाही.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं. रेव्हरंड टिळक 1919 साली गेले. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे मुळात हा कच्चा माल होता! त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं, पहिला भाग 1934 साली आला. टिळकांचा तऱ्हेवाईकपणा, न सांगता घर सोडून जाणं, हातातले पैसे भलतीकडेच खर्चून येणं, सगळं त्यात आहे. ती त्यांना हसते, त्यांच्यावर चिडते, आणि तरी ते वाचून कुणाच्या मनातून टिळक उतरले आहेत असं आम्ही ऐकलेलं नाही.

आता आमची फजिती सांगतो. सुरुवातीला आम्ही एका शिक्षकांची वही केली. पंचवीस जणांकडून लेख मागवले. एकूण एक लेख "सर म्हणजे" असा सुरू होत होता. सर म्हणजे चालतं-बोलतं विद्यापीठ, सर म्हणजे वटवृक्ष. (सभागृहात हशा.) हसताय, पण तुमच्यापैकी अनेकांनी असे लेख लिहिले असतील, आम्हीही लिहिले आहेत. वही नेऊन दिली. मुलीने रात्रभर वाचली आणि सकाळी फोनवर म्हणाली, "छान आहे, पण यात बाबा कुठेत?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. ती वही तिने ठेवली असेल, उघडली नसेल.

तेव्हापासून आम्ही विशेषणं मागत नाही. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू हे शब्द कुणालाही लागू पडतात आणि एकदा ते आले की त्यांच्या मागची गोष्ट विसरायला होते. आम्ही विचारतो: सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? कुठल्या गोष्टीवरून हमखास चिडायचे? त्यांच्या पिशवीत काय असायचं? न्यूयॉर्क टाइम्सने 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यानंतर मेलेल्या माणसांची लहान लहान टिपणं छापली होती, दोन हजारांहून जास्त माणसांची. बातमीदार घरी फोन करायचे, आणि हुद्दा-पदव्यांची यादी न देता त्या माणसाची एखादीच खूण पकडायचे. एवढ्या लहान जागेत एवढंच मावतं, आणि तेवढ्याने माणूस दिसतो.

आणि विचारायचं कुणाला? फक्त जवळच्यांना नव्हे. जवळच्यांचं दुःख ताजं असतं आणि ते पुन्हा सोमवारच्या रात्रीवर येतात. दुकानदार, वहिनी, एसटीत रोज शेजारी बसणारा, ज्याच्याशी अबोला होता तो. अबोल्यावरून आठवलं. एका शेतकऱ्याच्या शोकसभेत सगळे त्यांना अजातशत्रू म्हणत होते आणि त्यांचा धाकटा भाऊ मागे खाली मान घालून बसला होता. बांधावरून दोघांचं बारा वर्षं वाकडं होतं. गावाला ठाऊक होतं, पण मयताबद्दल वाईट बोलू नये. आम्ही चार दिवसांनी त्याच्या वस्तीवर गेलो. बराच वेळ तो नुसता तंबाखू मळत होता. मग म्हणाला, "आण्णानं मला लई छळलं. पण रात्रीच्या लाइटीची पाळी असली की त्याची मोटर चालू करायला जायचा, तसा माझी पण चालू करून यायचा. मला वाटायचं आमचा गडी करतोय. तीन वर्षांनी कळलं." शोकसभेतल्या सगळ्या भाषणांत हे वाक्य नव्हतं, कारण भांडण होतं हे कबूल केल्याशिवाय ते सांगताच येत नाही.

मानसशास्त्रातही याबद्दल मत बदललेलं आहे, ते थोडक्यात सांगतो. फ्रॉइडने 1917 साली मांडलं त्याचा साधारण अर्थ असा घेतला गेला की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. 1996 साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी 'कंटिन्युइंग बॉन्ड्स' हे पुस्तक काढलं आणि म्हटलं, माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते चालू ठेवतात, आणि हा काही आजार नव्हे. आपल्याकडे पितृपक्षात ताटात गेलेल्याच्या आवडीची भाजी आवर्जून करणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती, हा भाग वेगळा.

पण त्यासाठी माणसं जमावी लागतात. 2020 आणि 2021मध्ये तीच जमली नाहीत. अंत्यविधीला वीसच माणसं, कित्येक ठिकाणी तेवढीही नाहीत. दहावं-तेरावं उरकलं किंवा राहूनच गेलं. फोन आले, पण त्यात ऑक्सिजन किती होता, इंजेक्शन मिळालं का, बेड कुठे मिळाला, हेच. एका बाईंकडे आम्ही 2023मध्ये गेलो. दोन वर्षांनंतरही त्या आकडेच सांगत होत्या, 92, 88, 81. आम्ही ऐकून घेतलं. मग पाणी द्यायला त्या उठल्या तेव्हा आमच्यातल्या एकीने स्वयंपाकघरातल्या कुकरच्या बुडाला काहीतरी लिहिलेलं पाहिलं आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "ते यांचं. काहीही विकत आणलं की मार्करने तारीख आणि किंमत टाकायचे." मग त्यांनी आम्हाला घरभर फिरवलं. पंख्याच्या पात्यावर, शिडीवर, पाटाच्या खाली, शिलाई मशीनच्या खणात, सगळीकडे बारीक अक्षरात तारीख आणि रुपये. एका छत्रीवर 'महाग पडली' असंही लिहिलं होतं. त्यांना हसू आलं, मग रडू आलं, मग म्हणाल्या, "गेल्या महिन्यात मिक्सर घेतला, तो कोराच आहे." त्यांची वही त्या दिवशी सुरू झाली. आकडे त्यातही आहेत, पण दुसरे.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण यात खूप नुकसान होताना आम्ही पाहतो. गेलेल्या माणसाचा फोन महिन्याभरात नातवाला देतात, आणि तो आधी रीसेट मारतो. त्यात आवाज जातो. फोटो असतात हो सगळ्यांकडे, आवाज नसतो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण 120 दिवस वापरलं नाही तर ते काढून टाकतात. सिम बंद पडलं की तो नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो; एका मुलाने सवयीने आईचा नंबर लावला तर अनोळखी माणसाने उचलला. दोन वर्षं कुणी न उघडलेली गुगलची खातीही आता फोटोंसकट पुसली जातात. तेव्हा व्हॉइस मेसेज आधी दुसरीकडे उतरवून घ्या, "भाजी आणायची आहे, कोथिंबीर विसरू नको" असला असला तरी. असलेच जास्त उपयोगाचे.

आता प्रश्न घेऊ. मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "वडिलांनी दारूपायी घर धुळीला मिळवलं. त्यांचं काय आठवायचं?"

ताई, गोड करून लिहायची सक्ती तुमच्यावर कुणाचीच नाही. न लिहिण्याचीही मुभा आहे. लिहायचं झालं तर जसं होतं तसं लिहा, आणि तुमच्या आईने तेव्हा काय काय केलं तेही लिहा. आम्ही एका गिरणी कामगाराची वही केली. थोरल्या मुलाला वेगळं बसवलं, धाकट्या मुलीला वेगळं. थोरल्याचे वडील पगाराच्या दिवशी भायखळ्याहून खाजा आणायचे, त्याला खांद्यावर बसवून गणपती दाखवायचे. धाकटीचे वडील दिवसभर चाळीच्या गॅलरीत बसलेले, संध्याकाळी पिऊन आलेले, आईच्या पोळपाट-लाटण्यावर जगणारे. आम्हाला वाटलं दोघांपैकी एक जण खोटं सांगतोय. मग जन्मसालं विचारली. थोरला 1971चा, धाकटी 1980ची. संप झाला 18 जानेवारी 1982ला. तिला संपाआधीचे वडील भेटलेच नव्हते. "दादाला माहीत असलेला माणूस मला एकदा तरी बघायला हवा होता," ती म्हणाली, आणि ते लिहून घ्यायला सांगितलं. दोघांचं मिळून एकच वही करावी असा थोरल्याचा आग्रह होता. तिने नको म्हटलं. आम्ही दोन वह्या केल्या, आणि एकमेकांच्या वाचायच्या की नाही ते त्यांच्यावर सोडलं.