आधी कान, मग पाना

सकाळी साडेसात. शटर वर जायच्या आधीच सूर्यमाळकडचे काका दारात उभे. गाडी चालूच ठेवलीय. "बंद केली तर आवाज जायचा," म्हणतात. जुनी हिरो होंडा स्प्लेंडर, हिरो आणि होंडा २०११ मध्ये वेगळे झाले त्याच्या कितीतरी आधीची. मी किल्ली फिरवून बंद करतो. तापलेल्या इंजिनाचा आवाज ऐकून झाला, आता थंड झाल्यावरचा ऐकायचा.

तोवर विचारपूस. आवाज चढाला येतो की उताराला? एकाच गिअरला की सगळ्यांत? क्लच दाबला की जातो? ऑइल कधी बदललं? शेवटच्या प्रश्नावर काका रस्त्याकडे बघतात. या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात, आणि ते लिटरभरही नसतं. कमी पडलं की सगळ्यांनाच कमी पडतं. जुन्या आरएक्स १०० मोटरसायकलची तऱ्हा वेगळी. तिथं पेट्रोलमधलं ऑइल निराळं आणि गिअरबॉक्सचं निराळं, त्यामुळे गिअरबॉक्सचं वर्षानुवर्षं तसंच राहतं.

नऊ वाजता खोडाळ्याचा एक पोरगा. "गिअरबॉक्स गेला दादा, खोलून टाका." मी गाडी डबल स्टँडवर घेतो आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवतो. चेन एका जागी ताणलेली, पुढे येऊन लोंबणारी. पुढच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले. चेन उतरवतो, इंजिन चालू करून चारही गिअर टाकून बघतो. खटखट नाही. चेनसेट बदलायचा, हबमधली रबरं बघायची, संपलं काम. गिअरबॉक्सच्या नावाने येणाऱ्या गाड्यांत अशा पुष्कळ निघतात. इंजिन खोलायचं म्हणजे इथल्या माणसाची कित्येक दिवसांची मजुरी, कुणाची वीटभट्टीवरून आणलेली. ती अंदाजाने खर्चात टाकायला माझा हात धजत नाही.

साडेदहा. काकांचं इंजिन निवलंय. वीज गेल्यामुळे कॉम्प्रेसर बंद आहे, ऐकायला बरं. न्यूट्रलमध्ये किक मारतो. जात्यात खडा आल्यासारखी घरघर. क्लच दाबला, गेली. सोडला, आली. इथेच निम्मं कळतं. न्यूट्रलला क्लच सोडलेला असताना क्लचकडचा शाफ्ट फिरत असतो, दाबला की थांबतो. म्हणजे दोष त्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये, नाहीतर क्लच हाउसिंगमध्ये. हाउसिंग ढिलं असेल तर सावकाश चालताना खडखडतं आणि जरा रेस दिली की गप्प होतं. ही घरघर रेसबरोबर वाढतेय.

मोठा स्क्रूड्रायव्हर घेतो. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. ब्लॉकपाशी टायमिंग चेनची सळसळ, तिच्या वयाला शोभणारी. डाव्या बाजूला काही नाही. उजव्या कव्हरच्या मागच्या भागात मात्र आवाज थेट कानात शिरतो.

साडेअकरा. काकांना मागे बसवून त्र्यंबकच्या रस्त्याला चढावर. आमच्याकडे गाडी मोकळी चालतच नाही. दोन माणसं, भाताचं पोतं, वेळेला आजारी माणूसही तिच्यावरच. म्हणून ओझ्यावरच ऐकायचं. एकाच गिअरला आवाज आला असता तर त्या जोडीचे दात बघितले असते. गिअर सुटला असता तर गिअरच्या कडेचे अडकणारे दात, म्हणजे डॉग, झिजलेत किंवा गिअर सरकवणारा फोर्क वाकलाय असं धरलं असतं. दोन्ही नाही. परतताना मोकळ्या उतारावर इंजिन बंद, न्यूट्रल. आता चाकाबरोबर फक्त चेनकडचा शाफ्ट फिरतोय, आणि तो शांत आहे.

साडेबारा. ऑइल गरम असतानाच खाली काढतो. दुधाळ नाही. पावसाळ्यात ओहोळातून गाड्या जातात तेव्हा ते आधी बघावं लागतं. चुंबक फिरवतो. बारीक राखाडी चिखल चिकटणं हे झिजेचं, त्याचं काही वाटत नाही. पण त्यात चिमटीत धरता येतील असे चकचकीत कपचे आहेत. ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही, म्हणून ताट उन्हात धरून तेही शोधतो. नाही.

आता खोलायचं. काकांना आधी सांगतो काय निघेल, किती लागेल. ते मान हलवतात.

जेवण उरकून दोन ते पाच एकच काम. मॅग्नेट, क्लच, मग इंजिनाचे दोन्ही भाग वेगळे. बेअरिंग रॉकेलने धुऊन दोन बोटांत फिरवतो. फिरता फिरता अडतं, पुन्हा सुटतं. बोटाच्या टोकाला खरखर लागते. आतल्या कड्यावर नखाएवढा पापुद्रा उडालाय. काकांच्या हातात देतो, त्यांनाही जाणवतं. गिअरचे दात एकेक करून बघितले. शाबूत आहेत, बदलायचे नाहीत.

सहा. बेअरिंगवर कोरलेला नंबर नाशिकच्या दुकानाला फोनवर सांगितला, सोबत ऑइल सील आणि पॅकिंग. उद्या जीपने येईल. केस गरम करून बेअरिंग हाताच्या दाबाने बसवणार. आतल्या कड्यावर हातोडी मारून बसवलं तर गोळ्यांचे व्रण उमटतात आणि नवं बेअरिंगही घरघरायला लागतं. ऑइल मोटरसायकलचंच. कारचं घातलं तर क्लच घसरू शकतो.

निघताना काकांना ऑइल मोजायला शिकवतो. गाडी सरळ उभी, पट्टी पुसायची, आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ओलं दिसलं पाहिजे. पट्टी त्यांच्याकडूनच दोनदा आत-बाहेर करून घेतो.