मोडाच्या मुगाचे फुणके

पहाटे ४.३०

सगळ्यात आधी वास. झाकण काढायचं, फडक्याची गाठ सोडायची आणि नाक जवळ न्यायचं. चांगल्या मोडांना ओल्या शेंगेचा हिरवा वास येतो. आंबूस वास आला किंवा दाणे बोटांना बुळबुळीत लागले, तर तो मूग सगळाच्या सगळा टाकून द्यायचा. धुऊन किंवा मसाला घालून तो सुधारत नाही. श्रावणात आमच्या वणीची हवा इतकी दमट असते की मूग एका रात्रीत मोडावतो, हिवाळ्यात त्यालाच जास्त वेळ लागतो. पण ज्या उबेत दाण्याला मोड येतो, त्याच उबेत जंतूही वाढतात. पावसाळ्यात मोडांचं काम करायचं तर हे एक क्षणभरही विसरून चालत नाही.

मला मोड आखूड लागतात, तांदळाच्या दाण्याएवढे. लांब मोड दिसायला छान, पण वाटले की पाणी सोडतात आणि मुटका नीट वळला जात नाही. वऱ्हाडात आणि खानदेशात फुणके, म्हणजे वाफवलेले मुटके, तुरीच्या डाळीचे करतात. मी तीन भाग मोडाचे मूग आणि एक भाग भिजवलेली तूरडाळ घेते. मिश्रण बांधून ठेवायचं काम डाळ करते. दोन्ही भरडच वाटायचं, पाण्याचा थेंबही न घालता, मिक्सर थांबवत थांबवत. सलग फिरवला की पीठ चिकट होतं आणि फुणके गच्च बसतात. मग ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, जिरं, हळद, मूठभर सांभार म्हणजे कोथिंबीर, थोडं तेल. मीठ अगदी शेवटी, मुटके वळायच्या आधी, कारण मीठ लागलं की मिश्रण सैल पडतं. श्रावणात बऱ्याच घरी कांदा-लसूण चालत नाही. त्यांचा घाणा वेगळा, आलं आणि हिंग घालून, आणि तो आधी करायचा, म्हणजे भांड्याला लसणाचा वास नसतो.

५.१५

मोठ्या गंजात पाणी उकळतं आहे. वरच्या चाळणीत धुतलेली पळसाची पानं, त्यांना तेलाचं बोट. मिश्रण मुठीत दाबून मुटके वळायचे. बोटांचे ठसे उमटलेच पाहिजेत, त्या खाचांमध्ये कढी धरते. मुटके एकमेकांना खेटून ठेवायचे नाहीत, मधून वाफ फिरली पाहिजे. वीस मिनिटं मोठ्या आचेवर. मग सुरी टोचून पाहते, आणि प्रत्येक चाळणीतला मधला एक फोडतेच. आत ओलसर, कच्चा हिरवा रंग दिसला तर आणखी पाच मिनिटं.

मोड कच्चे खाल्ले तर जास्त ताकद मिळते ना, असं मला नेहमी विचारतात. पावसाळ्यात तरी माझं उत्तर ठाम आहे: कच्चे नकोत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. जंतू दाण्याच्या सालीच्या बारीक भेगांत राहू शकतात, वरवर धुऊन ते सगळे निघत नाहीत. वाफेनं क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं हे खरं, त्यासाठी वरून लिंबू पिळायचं. प्रथिनं कुठे जात नाहीत. मोड येताना मुगातलं फायटेट कमी होतं, त्यामुळे लोह अंगी लागायला मदत होते. पोटात वायू करणाऱ्या साखराही घटतात. या दिवसांत अग्नी मंद असतो, हलकं आणि गरम खावं, असं आयुर्वेदही सांगतो. वाफवलेला फुणका या सगळ्यात बसतो.

६.३०

बसस्थानकाजवळ टेबल लागतं. उकणी, निलजई, घोणशाच्या कोळसा खाणींकडे जाणारी माणसं याच वेळी निघतात. पावसात रस्त्यावर कोळशाचा काळा चिखल असतो, गाड्या गेल्या की तो उडतो, म्हणून डबे झाकलेले आणि टेबल मागे, भिंतीला लागून.

"काकू, दोन पार्सल बांधून ठेवजा, कढी जास्त टाकजा!"

"हाव भाऊ, पण कढीसाठी डबा आणला का?"

गरम कढी मी प्लास्टिकच्या पिशवीत देत नाही. नेहमीच्या लोकांना ते माहीत आहे, ते डबा घेऊन येतात. फुणका हातानं कुस्करायचा, वर कढी, जवसाची चटणी, लिंबू. सर आली की शेजारच्या गाडीवर मूगवड्यांना गर्दी होते, आणि पावसात गरम मूगवडा कोणाला आवडत नाही? मलाही आवडतो. पण रोजच्या न्याहारीला, आठ तास उभं राहून काम करणाऱ्याला, तळलेलं सोसत नाही. माझं गिऱ्हाईक मुख्यतः असं आहे, आणि शाळेत मुलांना पोचवून येणाऱ्या बाया.

९.३०

उरलेले फुणके घरी. सकाळचं मिश्रण मात्र दुपारसाठी ठेवत नाही.

आता फडकी. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग पिळून वाळत. ऊन नसतं, दोरीवर ती दिवसभर ओलीच राहतात, म्हणून मी इस्त्री फिरवून कोरडी करते. कुबट फडक्यात बांधलेला मूग हमखास बिघडतो.

१२.००

मूग निवडणं. इकडे सोयाबीन आलं आणि मुगाची पेर कमी झाली. नवा मूग भाद्रपदापर्यंत थोडाफार येईल, तोवर मागच्या वर्षीचाच. भुंग्यानं पोखरलेले दाणे पाण्यावर तरंगतात, ते काढायचे. घरी शेती असलेल्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: पेरून उरलेलं बियाणं मोडाला घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणूनच ते गुलाबी-लाल दिसतं. धुतल्यानं रंग गेला तरी विष जातंच असं नाही. खाण्याचा मूग वेगळा घ्यायचा.

भिजवायला उकळून गार केलेलं पाणी. सहा तास पुरतात, मध्ये एकदा पाणी बदलायचं. रात्रभर भिजवायची थंडीतली सवय या दिवसांत चालत नाही.

संध्याकाळी ६.००

मूग उपसून चाळणीत. थेंब गळायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मग पसरून गणंग वेचायचे: जे दाणे फुगलेच नाहीत, लहान आणि चकचकीत राहिले, ते. एक जरी वाटणात गेला तरी दाताखाली खड्यासारखा येतो. फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवते, खाली हवा खेळती राहील असं.

९.३०

एकदा गाठ सोडून मूग उकळून गार केलेल्या पाण्यानं धुऊन, पुन्हा निथळून बांधला. उद्या नागपंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, त्यामुळे उकडलेल्याला मागणी जास्त. मूग नेहमीपेक्षा जास्त भिजवलाय. मिरच्या आताच ठेचून ठेवल्या, सांभार सकाळी हातानं खुडेन. सुरीऐवजी स्वच्छ काडी टोचून पाहायची, ती चाळणीजवळ काढून ठेवली आहे.