थेट प्रक्षेपणासाठी एन्कोडर कसा लावावा?

6 डिसेंबर 2020 रोजी कोरोनामुळे चैत्यभूमीवर गर्दी न करता घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन करण्यात आले होते. तेथील अभिवादनाचे थेट प्रक्षेपण झाले. दादरला जाऊ न शकलेल्या समाजबांधवांना त्या दिवशी या साधनाचे मोल कळले.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील कितीतरी मुले पुण्याला, वाळूजला कामाला आहेत. कितीतरी वृद्ध माता-पित्यांना विहारापर्यंत चालवत नाही. वर्षावासातील 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन व जयंतीची व्याख्याने या सर्वांपर्यंत पोहोचावीत, या हेतूने आम्ही प्रक्षेपण सुरू केले. पहिल्या वेळी चित्र सारखे अडकले आणि वक्त्यांची निम्मी वाक्ये कोणालाच ऐकू गेली नाहीत. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, एन्कोडरच्या मांडणीचा होता.

एन्कोडर म्हणजे काय? 1920 बाय 1080 ठिपक्यांची, सेकंदाला 30 चित्रे घेतली तर कच्चा मजकूर सेकंदाला सुमारे 750 मेगाबिट होतो. एवढा भार गावच्या इंटरनेटला पेलणार नाही. एन्कोडर मुख्यतः चित्रात झालेला बदल तेवढा पाठवितो. मागचा पडदा, मूर्ती, मंच स्थिर असतात; म्हणून 5 ते 6 मेगाबिटमध्ये काम भागते. संगणकावर हे काम ओबीएस स्टुडिओ हा मोफत प्रोग्राम करतो. कॅमेरा संगणकाला कॅप्चर कार्डाने जोडावा.

विद्यार्थ्यांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

1) कार्यक्रमाच्याच जागी, त्याच वेळी अपलोडचा वेग मोजावा. डाउनलोडचा वेग येथे उपयोगाचा नाही. मिळालेल्या वेगाच्या निम्माच बिटरेट ठेवावा. अपलोड 12 असेल तर 6 मेगाबिटवर 1080. 6 असेल तर 3 मेगाबिटवर 720.

2) फोर-के चित्रात ठिपके चौपट असतात. त्यासाठी 20 ते 30 मेगाबिट लागतात. तेवढा वेग नसताना त्याचा हट्ट धरू नये.

3) बिटरेट स्थिर ठेवावा व कीफ्रेम दर 2 सेकंदांनी द्यावी.

4) आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून न घेता मिक्सरमधून वायरने घ्यावा. 128 किलोबिट पुरेसे होतात. चित्र थोडे अस्पष्ट चालेल, शब्द तुटता कामा नये.

5) 6 मेगाबिटने तासाला सुमारे 2.7 जीबी डेटा जातो. त्याची तजवीज आधी करावी. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून संगणकासोबत राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा.

6) यूट्यूबवर प्रथमच थेट प्रक्षेपण सुरू करताना परवानगीस 24 तास लागू शकतात. स्ट्रीम की कोणालाही देऊ नये. ध्वनिमुद्रित गीते लावल्यास स्वामित्वहक्कामुळे प्रक्षेपण थांबू शकते.

आदल्या दिवशी अर्धा तास चाचणी घ्यावी आणि गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला साध्या मोबाईलवर पाहावयास सांगावे. त्याला स्पष्ट ऐकू आले, तरच मांडणी बरोबर समजावी.

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा साधन छापखान्याचे होते. आज साधन बदलले आहे. विचार शेवटच्या घरापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मात्र तीच आहे. प्रत्येक विहारातील दोन तरी विद्यार्थ्यांनी हे काम शिकून घ्यावे, ही विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!