बादशाही बश्यांचा हिशेब

१७८८ च्या उन्हाळ्यात म्हैसूरच्या टिपू सुलतानचे तीन वकील फ्रान्सला पोहोचले. मुहंमद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहंमद उस्मान खान. १० ऑगस्टला व्हर्सायच्या राजवाड्यात सोळाव्या लुईने त्यांचा दरबार भरवला. इंग्रजांविरुद्ध लष्करी मदत हवी होती, ती मिळाली नाही. मिळाली ती सेव्र येथील शाही कारखान्याची चिनी मातीची भांडी! आणि दरबारानंतर सहाच दिवसांनी, १६ ऑगस्टला, फ्रान्सच्या खजिन्याला देणी थोपवावी लागली. तिजोरीत खडखडाट, पण नजराणा सोनेरी काठाचा.

टिपूने मात्र नुसती भांडी मागितली नव्हती. तोफा ओतणारे, घड्याळे व काच बनवणारे यांच्याबरोबर चिनी मातीचे कारागीरही त्याला हवे होते. माल घेण्याऐवजी हुन्नर आणण्याची ही नजर आम्हाला खऱ्या व्यापाऱ्याची वाटते. क्रोकरीचा धंदा करणारे आमचे अनेक वाचक आहेत. त्यांनी या कारखान्याचा हिशेब जरूर पाहावा.

कारखाना १७४० मध्ये पॅरिसजवळच्या व्हँसेन येथे सुरू झाला आणि १७५६ मध्ये सेव्रला आला. सुरुवातीला त्यात भागीदारांचा पैसा होता. खर्च भागेना, तेव्हा १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तो पूर्ण आपल्या मालकीचा केला. राजा मालक, राजाच मोठे गिऱ्हाईक आणि कायदा करणाराही राजाच. इतर कारखान्यांना सोन्याच्या मुलाम्याची मनाई झाली, रंगकामावरही बंधने आली. वर्षअखेरीस भांडी व्हर्सायला नेऊन राजवाड्यातच मांडत आणि दरबारी लोक ती खरेदी करत. खुद्द राजा माल दाखवतो आहे म्हटल्यावर रिकाम्या हाताने कोण परतणार? असा सेल्समन आपल्यापैकी कोणाच्याही नशिबी नाही.

एवढे असूनही धंदा राजाच्या पैशावरच तगून राहिला. याचे मोठे कारण भट्टीत होते. खऱ्या चिनी मातीच्या भांड्यांना केओलिन ही पांढरी माती लागते. ती फ्रान्सला सापडली १७६८ च्या सुमारास, लिमोजजवळच्या सेंत-इरिये गावी. तोपर्यंत वाळू, सोरा, मीठ वगैरे भाजून, दळून केलेल्या मिश्रणावर काम चाले. ही माती चाकावर नीट उभी राहत नसे आणि भट्टीत वाकडी होई. आधी कच्ची भाजणी, मग झिलईची, मग रंगाची, शेवटी सोन्याची. प्रत्येक भाजणीत काही नग तडकायचे, काही डागाळायचे. हाती आलेल्या एका बशीच्या किमतीत फुटलेल्या बश्यांचीही किंमत असे. पण याच मातीवर तो प्रसिद्ध आकाशी निळा रंग खुलायचा. रसायनशास्त्रज्ञ एलो यांनी तो १७५३ मध्ये साधला. पुढे केओलिनची पक्की भांडी निघू लागली, तरी हा निळा हवा असेल तर जुन्या मातीकडेच वळावे लागे.

रशियाची राणी कॅथरीन हिने १७७६ मध्ये साठ माणसांचा सेट सांगितला, तोही असाच निळा. सुमारे आठशे नग, किंमत सव्वातीन लाख लिव्रहून अधिक. माल १७७९ मध्ये तयार झाला. मग बाईंनी किमतीवरून हुज्जत घातली आणि शेवटचा हप्ता मिळायला १७९२ उजाडले. बड्या गिऱ्हाइकाची उधारी कशी असते ते आमच्या वाचकांना सांगायला नको. सोळाव्या लुईने स्वतःसाठी १७८३ मध्ये जो सेट सांगितला, तो दरवर्षी थोडा थोडा करून १८०५ पर्यंत पुरा व्हायचा होता. १७९३ मध्ये राजाचाच शिरच्छेद झाला. त्या अपुऱ्या सेटचा मोठा भाग पुढे इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जने घेतला. तो विंडसरच्या राजवाड्यात आहे.

क्रांतीनंतर कारखाना सरकारजमा झाला. १८०० मध्ये ब्रोन्यार नावाचा हुशार संचालक आला. त्याने जुनी माती बंद केली आणि पैसा उभा करण्यासाठी गोदामातला जुना, न रंगवलेला आणि डागी माल विकून टाकला. इथेच खरी गंमत आहे. पॅरिस आणि इंग्लंडच्या रंगाऱ्यांनी तो घेतला, त्यावर जुन्या पद्धतीची फुले-पाखरे व सोने चढवले आणि ‘राजाच्या काळचा माल’ म्हणून विकला. माती अस्सल, रंग नकली! राजाच्या कारखान्याला जे जमले नाही, ते त्याच्या टाकाऊ मालावर इतरांनी कमावले.

म्हणून जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांनी भांडे उलटे करून पाहावे. तळाशी एकमेकांत गुंफलेले दोन एल आणि मध्ये वर्षाचे अक्षर असते. ए म्हणजे १७५३, झेड म्हणजे १७७७, त्यानंतर जोडाक्षरे १७९३ पर्यंत. अक्षर एका सालाचे आणि रंग त्यानंतर निघालेला, असे दिसले की पैसे खिशातच ठेवावेत. ही निशाणी नकली मालावर सर्रास आढळते, त्यामुळे तेवढ्यावर सौदा करू नये. सेव्रचा माल पाहून नजर तयार करायची असेल, तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आपल्याला जवळचे आहे.

कारखाना आजही फ्रेंच सरकारच्या मालकीचा आहे. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादासाठी त्याने १,२०० बश्यांची ऑर्डर घेतली. सरकारने खर्च पन्नास हजार युरो सांगितला. एका साप्ताहिकाने बश्यांच्या दराने हिशेब करून तो पाच लाखांच्या घरात नेला. सरकारचे म्हणणे असे की कारागिरांचा पगार सरकार एरवीही देतेच, तो बशीच्या किमतीत कशाला धरायचा?

असा हिशेब आमच्या वाचकांपैकी कोणी आपल्या वहीत मांडला, तर इन्कम टॅक्सवाल्यांनाही हसू आवरणार नाही.