तबकडीवरचा बारीक आकडा

मोटरसायकलची चेन किती ढिली ठेवायची ते या आठवड्यात सांगणार होतो. ते आता पुढच्या वेळी. बर्मिंगहॅमला राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय, आणि त्यांची गाडी रोज रस्त्यावर असते. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही.

त्यांच्याकडे नॉर्टन कमांडो आहे, मागे ड्रम ब्रेकवाली. पंक्चरसाठी मागचं चाक उतरवलं तेव्हा मीटर-ड्राइव्हचे, म्हणजे चाकाच्या फिरण्यानं वेगाच्या मीटरची केबल फिरवणाऱ्या भागाचे, दात झिजलेले दिसले, म्हणून नवा ड्राइव्ह आणून बसवला. तेव्हापासून गाडी ताशी ४० मैलांनी चालली की काटा ६२ दाखवतो. मीटर बिघडलं असं समजून ते दुरुस्तीला पाठवायच्या बेतात आहेत. पाठवू नका! मीटर ठणठणीत आहे.

स्मिथ्स कंपनीच्या या मीटरांच्या तबकडीवर अगदी बारीक टायपात एक आकडा असतो, १००० किंवा १६००. बरेच जण त्याला पार्ट नंबर समजून सोडून देतात. माझ्या मते अख्ख्या मीटरवर त्याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. गाडी एक मैल गेली की केबल किती वेळा फिरायला हवी, ते त्यात सांगितलेलं असतं. मीटरला चाकाचा घेर ठाऊक नसतो, टायर कुठला घातलाय तेही नसतं. केबलचे फेरे तेवढे त्याच्यापर्यंत पोचतात.

आता हिशेब करू. १९ इंची रिमवर ४.१० चा टायर चढवला की चाकाचा बाहेरचा व्यास साधारण २६ इंच भरतो. म्हणजे एका मैलात चाकाचे सुमारे ७८० फेरे. ड्राइव्ह २:१ चा असेल, तर केबलचे १५६० फेरे होतात आणि ते १६०० च्या तबकडीला जुळतात. ड्राइव्ह १५:१२ चा, म्हणजे सव्वापट फिरवणारा असेल, तर ९७५ होतात. ही झाली १००० च्या तबकडीची जोडी. थोडा फरक उरतो, पण तो टायरच्या झिजेनंही पडतोच.

आपल्या वाचकांच्या तबकडीवर १००० आहे आणि नवा ड्राइव्ह २:१ चा. चाळीसचे बासष्ट होणारच. ही चूक निदान काटा पुढे पळवणारी तरी आहे. उलटी जोडी जमली तर फार वाईट. १६०० च्या मीटरला १५:१२ चा ड्राइव्ह लावला, की गाडी ६० नं चाललेली असताना काटा ३७ च्या आसपास रेंगाळतो, आणि माणूस निर्धास्तपणे वळणात शिरतो.

यात आणखी एक सापळा आहे. मैलाला १६०० फेरे म्हणजे किलोमीटरला जवळपास १०००. त्यामुळे किलोमीटरच्या तबकडीवरच्या १००० ला २:१ चा ड्राइव्ह लागतो, आणि मैलांच्या तबकडीवरच्या त्याच १००० ला १५:१२ चा. आकडा एकच, ड्राइव्ह वेगळे. जुनं मीटर विकत घेताना आकडा आणि एकक दोन्ही वाचा.

ड्राइव्हवरची खूण पुसली असेल तर गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये उभी करा. केबलचं वरचं टोक सोडवून आतल्या तारेला चिकटपट्टीचा झेंडा लावा आणि चाक हातानं दहा वेळा फिरवा. झेंडा वीस वेळा फिरला तर २:१, साडेबारा वेळा फिरला तर १५:१२.

आता वाचकांना तो ड्राइव्ह बदलून १५:१२ चा लावायचाच आहे, तेव्हा बसवताना एका गोष्टीकडे लक्ष द्या, कारण चूक झाली तर प्रकरण मीटरपुरतं राहत नाही. ड्राइव्हच्या आतल्या रिंगला दोन कान असतात. ते हबच्या खाचांत पूर्ण उतरले पाहिजेत. कान खाचेबाहेर राहिले आणि तसाच अ‍ॅक्सल आवळला, तर पाना घट्ट लागतो खरा, पण सगळा दाब त्या पातळ कानांवर असतो. पुढे कान चेपतात, तेवढी जागा मोकळी होते आणि घट्ट वाटलेला अ‍ॅक्सल ढिला पडतो.

म्हणून ड्राइव्ह हबवर ठेवून आधी हातानं थोडा फिरवून पाहा. कान खाचेत गेले की तो टेकलेला कळतो. मग स्पेसर आणि अ‍ॅक्सल घाला. अ‍ॅक्सल हातानं लागेल तेवढाच लावा, केबल मोठ्या वळणानं पुढे जाईल अशी ड्राइव्हची दिशा धरा आणि चाक फिरवून केबलची तार फिरते का ते बघा. फिरत असेल तरच अखेरचा पाना लावा, आणि त्यानंतर पुन्हा एकदा फिरवून बघा. ड्राइव्हच्या निपलमध्ये ग्रीस भरा, पण बेतानं. केबलच्या तारेचा वरचा वीतभर भाग कोरडाच ठेवा, नाहीतर ग्रीस चढत चढत थेट मीटरमध्ये जातं, आणि मग मात्र ते खरोखरच दुरुस्तीला पाठवावं लागेल.